व्ही-क्रॉसला ट्यूनर निवडताना आधी गिअरबॉक्सला विचारा

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. माझ्याकडे 2021 ची इसुझू व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक डिझेल पिकअप आहे, 62,000 किलोमीटर झालेत. राहायला भांडुप. आठवडाभर एलबीएस रोड आणि ईस्टर्न एक्स्प्रेसवर रखडत ऑफिस, महिन्यातून दोनदा मागे दोन डर्ट बाइक टाकून पुण्याकडे, आणि गणपती-शिमग्याला देवरुखला गावी. घाटात मागे वजन असलं की गाडी गिअर शोधत बसते. चौथा, तिसरा, परत चौथा. ओव्हरटेकसाठी पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम ओरडते. टायर बदललेत, मूळचे 255/60 आर 18 काढून 265/65 आर 18 ऑल टेरेन टाकलेत. वाढीव वॉरंटीचे अजून आठ महिने आहेत.

तीन ठिकाणी विचारलं. एक जण 18,000 मध्ये ताकद वाढवणारा तयार डबा इंजिनाच्या वायरीत लावून देतो, म्हणतो सर्व्हिसला जाताना काढून ठेवा, कुणाला कळत नाही. दुसरा 35,000 मध्ये इंजिनाचा रिमॅप करतो, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून देतो, अर्ध्या तासात. तिसरा इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींची फाइल टाकतो, 65,000, वर डीपीएफ आणि ईजीआर या प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणा ऑफ, फुकट. टेक्सासला असलेला मावसभाऊ म्हणतो, माझ्या फोर्ड एफ-150 पिकअपला आहे तसला हातात धरायचा ट्यूनर, म्हणजे गाडीला जोडून फाइल बदलायचं यंत्र, येताना घेऊन येतो. यातलं काय घेऊ?

एक वाचक, भांडुप

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही टायरचा आकारही लिहिलात आणि वॉरंटीही लिहिलीत. ट्यूनिंगबद्दल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून घेण्याबद्दल, विचारणारे बहुतेक जण फक्त एवढंच विचारतात की पॉवर किती वाढेल. मी कुर्ल्यात गेली तीस वर्षं गिअरबॉक्स उघडतोय, त्यामुळे मी गाडीकडे मागच्या बाजूने बघतो. इंजिनाने काढलेली ताकद चाकापर्यंत पोचवताना मधल्या माणसाचे काय हाल होतात, तिथून. तुमच्या चारही पर्यायांना मी एकच प्रश्न लावणार आहे: हा गडी गिअरबॉक्सला खरं सांगतो की खोटं?

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळा हिशोब यावरच आहे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा एक संगणक असतो आणि गिअरबॉक्सचा दुसरा. दोघे एकाच वायरवरून सतत बोलत असतात. इंजिनवाला सांगतो, आत्ता मी इतका टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतोय. ते ऐकून गिअरबॉक्सवाला ठरवतो की आतल्या क्लच प्लेटांवर तेलाचा दाब किती ठेवायचा, गिअर किती वेळात बदलायचा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) कधी लॉक करायचा. त्याला टॉर्क मोजायला स्वतःचं काही साधन नसतं. समोरचा सांगतो त्यावर त्याचा विश्वास. हमालाला पोतं वीस किलोचं आहे असं सांगून तीस किलोचं पाठीवर टाकलं तर काय होईल? त्याने पकड वीस किलोच्या अंदाजाने घेतलेली असते. पोतं घसरतं. गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की त्यांच्यावरचं अस्तर जळून तेलात मिसळतं. हे एका दिवसात होत नाही. सहा महिने, वर्षभर गाडी मस्त पळते, मालक खूश असतो, चार मित्रांना तोच डबा लावायला सांगतो. मग एक दिवस दुसऱ्यातून तिसरा पडताना झटका बसायला लागतो.

आता तुमचा 18,000 चा डबा घ्या. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं, असे बरेचसे डबे इंधनाच्या रेलवरच्या प्रेशर सेन्सरची वायर मध्ये तोडून बसतात. सेन्सर म्हणतो दाब इतका आहे, डबा पुढे सांगतो की दाब त्यापेक्षा कमी आहे. इंजिनाचा संगणक बिचारा दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं, गाडी जोर धरते. पण संगणकाच्या हिशोबी आपण नेहमीइतकंच डिझेल दिलं, म्हणून तो गिअरबॉक्सला नेहमीचाच आकडा कळवतो. म्हणजे खोटं बोलणं हीच या डब्याची काम करायची पद्धत आहे. जुन्या मॅन्युअल गाडीत ते एक वेळ खपून जातं, कारण तिथे क्लच स्प्रिंगच्या जोरावर दाबलेला असतो, त्याला कुणी आकडा सांगत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ते खपत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मी स्वतः असे डबे बसवून दिलेले आहेत, ऑटोमॅटिक गाड्यांनासुद्धा. त्यातली एक गाडी चौदा महिन्यांनी माझ्याकडेच परत आली. ऑइल पॅन उघडला तर तेल कोळशासारखं काळं, आणि तो जळका वास एकदा नाकात बसला की जात नाही. मालक नाशिकला द्राक्षाच्या बागेवर जाऊन-येऊन असायचे, कसारा घाट आठवड्यातून दोनदा. त्यांना गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला जो खर्च आला तो डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट होता. त्या दिवसापासून मी डबे बंद केले. त्यातली एक जळकी प्लेट अजून माझ्या टेबलावर असते. डबा हवा म्हणून कुणी आलं की मी ती हातात देतो.

आणि ते 'सर्व्हिसला जाताना काढून ठेवा' हे वाक्य ऐकलंत ना, तिथेच उठायला हवं होतं. जे काम कंपनीपासून लपवावं लागतं असं तो स्वतःच सांगतोय, ते तो तुमच्या गाडीवर करू पाहतोय.

दुसरा, 35,000 वाला. त्याला लगेच वाईट म्हणणार नाही. इंजिनाची फाइल वाचून, बदलून परत टाकणं हा डब्यापेक्षा खूप बरा मार्ग आहे, कारण यात संगणकाला फसवलेलं नसतं, त्याचा हिशोबच बदललेला असतो. पण इथेही दोन जातीचे कारागीर आहेत. चांगला कारागीर पायाची मागणी, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा, टर्बोचा दाब, रेलचा दाब हे सगळे तक्ते एकमेकांशी जुळवून वर नेतो. त्यामुळे टॉर्क वाढला की गिअरबॉक्सला वाढलेलाच आकडा कळतो. आळशी कारागीर टॉर्कच्या मर्यादेला हात लावत नाही. तो फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा राहील तो तक्ता ताणतो. संगणक समजतो 360 न्यूटन मीटर, प्रत्यक्षात इंजिन 430 देत असतं. परत तेच पोतं. बाहेरून दोन्ही फाइली सारख्याच वाटतात, गाडी दोन्हींत पळते.

तेव्हा त्याला विचारा, फाइल कोण लिहितं? मुंबईत, ठाण्यात, नवी मुंबईत जे रिमॅप करतात त्यातले बरेच जण गाडीतून मूळ फाइल वाचतात, इंटरनेटवरून दुसऱ्या शहरात किंवा परदेशात पाठवतात, आणि तिथून बदलून आलेली फाइल गाडीत टाकतात. त्यांच्याकडचं यंत्रच तसं असतं, त्यात फाइल उघडून बघायची सोयच नसते. यात लबाडी आहे असं नाही, लिहिणारा जाणता असेल तर काम उत्तम होतं. पण त्याने तुमची गाडी पाहिलेली नाही. तुमचे टायर मोठे आहेत हे त्याला माहीत नाही. तुम्ही बाइका घेऊन बोरघाट चढता हे त्याला माहीत नाही. अर्ध्या तासात काम होतं याचा अर्थ एवढाच की मधे कुणी मोजमाप घेत नाही.

तिसरा, दोन्ही फाइली टाकणारा, विचाराने योग्य दिशेला आहे. इंजिन वाढवायचं तर गिअरबॉक्सलाही सोबत घ्यावं लागतं. कारखानेही हेच करतात. टोयोटा हायलक्सचं उदाहरण बघा. तेच 2.8 लिटरचं डिझेल इंजिन, तेच 204 पीएस. पण मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत कंपनी 420 न्यूटन मीटर देते आणि ऑटोमॅटिकसोबत 500. इंजिनात 500 ची ताकद आहे हे माहीत असूनही मॅन्युअलला 80 कमी. पुढे जोडलेल्या वस्तूला काय झेपतं ते बघून इंजिनाला लगाम घालतात. तुमच्या 1.9 लिटरच्या इंजिनाला कंपनीने 163 पीएस आणि 360 न्यूटन मीटर दिलेत. 'स्टेज वन' म्हणून जी फाइल विकली जाते ती टर्बो डिझेलमध्ये साधारण वीस-पंचवीस टक्के वाढवते. पंचवीस टक्क्यांनी 360 चे 450 होतात. हा आकडा तुमच्या सहा गिअरच्या बॉक्सला रोज, भर उन्हाळ्यात, मागे दोन बाइक घेऊन झेपेल का, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे तो तुमचा ट्यूनर.

पण त्याच्या त्या 'फुकट' गोष्टीने माझं डोकं फिरलं. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी धरणारी गाळणी. ईजीआर जळलेला वायू थोडा परत इंजिनात फिरवतो, त्याने नायट्रोजन ऑक्साइड कमी होतं. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सहा हे प्रदूषणाचं मानक लागू झालं ते या गोष्टींसाठीच. तुम्ही भांडुपला राहता. सकाळी शाळेच्या रिक्षा सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असतात, आणि आपल्या पिकअपचा सायलेन्सर नेमका त्या पोरांच्या तोंडाच्या उंचीवर असतो. मी आयुष्यभर डिझेलच्या धुरात काम केलंय, माझा खोकला जात नाही. कृपा करून हे करू नका. कितीही फुकट असलं तरी.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182अ परवानगीशिवाय केलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम 190 खाली पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड आणि परवाना तीन महिने जाऊ शकतो. पीयूसीत बीएस-सहा डिझेलची धुराची मर्यादा 0.7 आहे, बीएस-चारला 1.62 होती, म्हणजे निम्म्याहून कमी. गाळणी काढलेली आणि जादा डिझेल पिणारी गाडी प्रामाणिक यंत्रावर तिथे टिकणं कठीण. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस आला तर दावा अडतो, हाही विचार करा. साधी सॉफ्टवेअरची फाइलसुद्धा विमा कंपनीला लेखी कळवावी असं माझं मत आहे, मग त्यांनी हप्ता वाढवला तरी चालेल.

तिसऱ्याला स्पष्ट सांगा: डीपीएफ, ईजीआर जागेवर राहतील, आणि फाइलमध्येही चालू राहतील. यावर तो कुरकुरला तर समजा की त्याला धूर न काढता ताकद काढता येत नाही. म्हणजे त्याला फाइल लिहिता येत नाही.

मावसभावाचा ट्यूनर तर आणूच नका. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि तिकडे ती वस्तू खरंच सोयीची आहे. ती गाडीच्या ठरावीक संगणकासाठीच बनवलेली असते. एकदा जोडली की मूळ फाइल स्वतःत साठवून ठेवते आणि त्या एकाच गाडीशी बांधली जाते, दुसऱ्या गाडीला लावायची तर आधी पहिलीला मूळ रूपात आणावं लागतं. फोर्डसाठीचा ट्यूनर इसुझूच्या संगणकाशी बोलणारच नाही. तिकडच्याही अडचणी आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, 2020 मध्ये सांगितलं की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण यंत्रणा काढून टाकली गेली. त्यानंतर तिथे असले ट्यूनर विकणाऱ्यांवर मोठ्या कारवाया झाल्या. कॅलिफोर्नियात तर असा भाग विकायचा तर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. त्यातल्या कित्येक ट्यूनरमध्ये टायरचा नवा आकार भरायची सोय असते. गाडी घेतली, टायर मोठे टाकले, की पहिलं काम ते.

आणि इथून तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ.

तुमच्या मूळ टायरचा व्यास साधारण 763 मिलिमीटर. आताच्या टायरचा 802 च्या आसपास. म्हणजे पाच टक्के मोठा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी पाच टक्के जास्त पुढे जाते, काटा 80 दाखवतो तेव्हा तुम्ही 84 ने चाललेले असता. पण हेच उलट बाजूने बघा. प्रत्येक गिअर पाच टक्के लांब झाला, ओढ तेवढी कमी झाली. त्यात ऑल टेरेन टायर वजनदार, ते फिरवायलाच जास्त जोर लागतो. गिअरबॉक्सला यातलं काही माहीत नाही. त्याच्या जुन्या तक्त्याप्रमाणे या वेगाला, एवढ्या पायाला चौथा गिअर बरोबर आहे. तो चौथा टाकतो, इंजिन दबतं, तुम्ही पाय थोडा दाबता, तो तिसरा टाकतो, गाडी उसळते, तुम्ही पाय उचलता, तो परत चौथा. घाटात गिअर शोधणं म्हणतात ते हेच. तुम्ही पॉवर कमी पडते म्हणून ट्यूनर शोधताय, आणि मला दिसतंय की तुम्हीच नकळत गिअरबॉक्सला खोटा आकडा दिलाय. टायरच्या दुकानात.

म्हणून या आठ महिन्यांत ट्यूनिंग नको. वॉरंटी आहे ती वापरा, आणि या काळात काही गोष्टी करून बघा. पुढच्या फेरीला बोरघाटात शिरायच्या आधीच लिव्हर मॅन्युअल बाजूला घ्या आणि तिसरा स्वतः धरून ठेवा. इंजिन थोडं ओरडेल, ओरडू द्या. 2,200-2,500 आवर्तनांच्या (आरपीएम) आसपास ते सुखाने ओढतं, टर्बो भरलेला राहतो, आणि वारंवार गिअर बदलून तेल तापत नाही. माझा अंदाज आहे की तुमची निम्मी तक्रार तिथेच मिटेल. परशुराम घाटातही तेच करा. जमलं तर तेवढ्या फेरीपुरते कुणाचे तरी मूळ मापाचे टायर उसने घेऊन चढून बघा, मग फरक कशाचा होता ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मग गाडीची तब्येत. 62,000 वर इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी नळ्यांची टोकं सैल होतात, बारीक गळती लागते, तेलकट डाग दिसतो. तिथून टर्बोची हवा निसटते आणि 'पाय दाबला की क्षणभर काहीच नाही' हे जे तुम्ही लिहिलंय ते अगदी असंच दिसतं. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर, ईजीआरमध्ये साठलेली काजळी, इंजेक्टरची परतीची गळती, हे सगळं तपासून घ्या. एलबीएस रोडवर रोज रांगणाऱ्या गाडीत डीपीएफ पुरता तापत नाही, काजळी जाळायचं चक्र अर्धवट राहतं. ते चक्र जादा डिझेल फवारून चालतं आणि त्यातलं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते डिझेल आहे. आठवड्यातून एकदा पहाटे ठाण्यापलीकडे मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा. आजारी इंजिनावर फाइल टाकणं म्हणजे तापात असलेल्या माणसाला पळायला लावणं.

गिअरबॉक्सचं तेल बदललंय का? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा नाही. कुणी 'हे तेल आयुष्यभराचं असतं' म्हणालं तर ऐकू नका. ज्या गाड्या मुंबईच्या गर्दीत रांगतात आणि वजन घेऊन घाट चढतात त्यांच्यासाठी माझा नियम 60,000 किलोमीटरचा आहे. कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं तेल, दुसरं नाही, आणि कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, म्हणजे वॉरंटीला धक्का नाही. काढलेलं तेल पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून बघा. लालसर तपकिरी असेल तर ठीक. काळपट असेल, जळका वास असेल, तर ट्यूनिंगचा विचार कायमचा सोडा आणि गिअरबॉक्स दाखवून घ्या. घाट चढताना तेलाचं तापमानही मोजून घ्या, चांगल्या स्कॅनरवर दिसतं. नव्वदच्या आसपास असेल तर निवांत. एकशेवीसकडे जात असेल तर आहे त्या ताकदीवरच गिअरबॉक्स घाबराघुबरा झालाय. आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे की चांगल्या तापमानाच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. अशा वेळी 65,000 ची फाइल घेण्याआधी गिअर ऑइलचा जादा कूलर बसवावा.

बाजारात आणखी एक वस्तू मिळते, अॅक्सिलरेटरच्या पेडलच्या वायरीत लावायची. ती ताकद एक पैशाने वाढवत नाही. तुम्ही पाय तीस टक्के दाबला की पन्नास टक्के दाबला असं सांगते, एवढंच. गर्दीत गाडी चपळ वाटते. नुकसान फारसं नाही, पण तिला ट्यूनिंग म्हणू नका.

हे सगळं करूनही आठ महिन्यांनी वाटलं की फाइल हवीच, तर त्या तिसऱ्याकडे जा, किंवा तशाच दुसऱ्या कुणाकडे. जाहिरातीतला आकडा विचारू नका. असं म्हणा की आधी माझ्या गिअरबॉक्सच्या संगणकाची मूळ फाइल वाचून दाखवा. व्ही-क्रॉसची गिअरबॉक्स फाइल करतो म्हणणारे पुष्कळ असतील, गाडीला जोडून प्रत्यक्ष वाचून दाखवणारे कमी. वाचता आली नाही तर 'दोन्ही फाइली' हे नुसतं बोलणं आहे. मूळ फाइलची प्रत तुमच्या पेन ड्राइव्हवर घ्या. उद्या गाडी विकायची झाली, किंवा कंपनीने सॉफ्टवेअर बदलून नवी फाइल पुसून टाकली, तर ती लागेल. कित्येक संगणक आपल्यात किती वेळा लिहिलं गेलं तेही नोंदवून ठेवतात, त्यामुळे मूळ फाइल परत टाकली की खूण राहत नाही हे खरं नसतं.

फाइल टाकताना ते बॅटरीला वेगळा स्थिर वीजपुरवठा लावतात का ते डोळ्यांनी बघा. मधेच व्होल्टेज पडलं तर संगणक तिथेच मरतो. काम डायग्नोस्टिक सॉकेटमधून होणार की संगणक काढून त्याचं झाकण उघडून, हेही विचारा. झाकण उघडणार असतील तर परत सील कसं करतात ते पाहिल्याशिवाय गाडी देऊ नका. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो आणि कुर्ला-सायनला पाणी साचतं. सील नीट नसलेला संगणक एका पावसाळ्यात हिरवा पडतो, असे मी बघितलेत.

डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर, आधीचं आणि नंतरचं मोजमाप मागा. तुमची गाडी दोन चाकांवर चालवता येते, त्यामुळे साध्या रोलरवर मोजता येईल. पण कागदावरच्या आकड्यापेक्षा मला रस्त्यावरची नोंद महत्त्वाची वाटते. लॅपटॉप जोडून ट्यूनर तुमच्या शेजारी बसला पाहिजे, बाइका मागे ठेवून, चढावर. टर्बोचा दाब, रेलचा दाब, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान, टॉर्क कन्व्हर्टर किती घसरतोय, आणि इंजिन गिअरबॉक्सला टॉर्क किती सांगतंय. ही शेवटची ओळ वाढलेली दिसली पाहिजे. गाडी जोरात पळतेय आणि ती ओळ जुन्याच आकड्यावर अडकलीय, तर फाइल काढून टाकायला सांगा, पैसे गेले तरी चालतील.

मागणी काय करायची तेही सांगतो. पंचवीस टक्के मागू नका. बारा-पंधरा टक्के मागा, तेही 1,800 आवर्तनांच्या वर. खालच्या आवर्तनाला खूप टॉर्क दिला की क्लच प्लेटांवर सगळ्यात जास्त मार बसतो आणि धूरही तिथेच निघतो. गिअरबॉक्सच्या फाइलमध्ये नवे टायर धरून गिअर बदलायचे वेग सरकवून घ्या, टॉर्क कन्व्हर्टर थोडा लवकर लॉक होऊ द्या, क्लचचा दाब वाढलेल्या टॉर्कइतका वाढवून घ्या. नंतर गिअरबॉक्सचं शिकलेलं सगळं पुसून पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलक्या पायाने चालवा, म्हणजे तो नव्याने शिकेल. त्या काळात थोडे झटके जाणवतील, घाबरू नका. तिसऱ्याने यातलं निम्मं जरी न विचारता स्वतःहून सांगितलं, तर 65,000 जास्त नाहीत.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा. बोरघाट तिसऱ्या गिअरमध्ये धरून चढल्यावर कसं वाटलं, माथ्यावर गिअर ऑइलचं तापमान किती होतं, आणि कागदावर पडलेल्या तेलाचा रंग. कागदाचा फोटो उन्हात काढा, ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही.